नांदेडच्या उन्हात दोन वर्षे: मशीन लर्निंगसाठी जुळवून घेतलेल्या संगणकाचे परीक्षण

जानेवारी २०२४ मध्ये आम्ही नांदेडच्या तरोडा भागातील आमच्या दोन खोल्यांच्या कार्यालयासाठी सुटे भाग निवडून एक संगणक जुळवून घेतला. दिवसा त्यावर आम्ही दोघे प्रोग्रॅमिंग करतो आणि रात्री त्यावर प्रारूपांचे (मॉडेल्सचे) प्रशिक्षण चालते. सोयाबीनवरील पिवळा मोझॅक, चक्रीभुंगा आणि कपाशीवरील लाल्या मोबाइलने काढलेल्या छायाचित्रांवरून ओळखणे हे त्यातले एक काम आहे. शेतकऱ्यांनी बोलून विचारलेले प्रश्न लेखी मराठीत उतरवणे हे दुसरे. या यंत्राने आता दोन पूर्ण उन्हाळे आणि दोन पावसाळे काढले आहेत, आणि कोणत्या भागावर घातलेला पैसा कामी आला व कोणता वाया गेला हे आता खात्रीने सांगता येते. मराठवाड्यात असे यंत्र उभे करणाऱ्याने सर्वाधिक विचार ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीचा करावा आणि त्याच्या खालोखाल विजेचा. प्रोसेसरचा क्रम त्यानंतर येतो. या मतापर्यंत आम्ही कसे आलो, हे पुढे भागवार सांगतो.

सुरुवातीला छत्रपती संभाजीनगरच्या एका दुकानातून कोटेशन मागवले होते. त्या पावणेदोन लाखांच्या कोटेशनमध्ये त्या वेळचा जवळपास सर्वांत महागडा प्रोसेसर, त्यासाठी पाण्यावर चालणारा कूलर, समोर काच असलेले रंगीत दिव्यांचे कॅबिनेट आणि ८ जीबी मेमरीचे ग्राफिक्स कार्ड होते. दुकानदाराचा हेतू वाईट नव्हता, कारण त्यांच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक गेम खेळणारे किंवा लग्नाचे व्हिडिओ संपादित करणारे असतात आणि त्यांच्यासाठी अशी जुळणी चालून जाते. आमच्या कामाला मात्र ती पहिल्याच आठवड्यात अपुरी पडली असती. ती का अपुरी पडली असती, हे आकड्यांत मांडल्याशिवाय पटत नाही, म्हणून तो हिशेब येथे सविस्तर देतो.

प्रारूप प्रशिक्षित करताना केवळ त्याचे वजनांक, म्हणजे शिकताना बदलत जाणारे त्याचे आकडे, ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत ठेवून भागत नाही. वजनांक सुधारण्याच्या नेहमीच्या ॲडम पद्धतीने मिश्र अचूकतेत, म्हणजे बरेचसे आकडे निम्म्या जागेत ठेवून, प्रशिक्षण चालवले, तर प्रत्येक वजनांकामागे २ बाइट वजनांकाला, २ बाइट त्याच्या उताराला (ग्रेडियंटला) आणि १२ बाइट पूर्ण अचूकतेच्या प्रतीला व ॲडमच्या दोन नोंदींना लागतात, म्हणजे एकूण १६ बाइट. ओपनएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये खुल्या केलेल्या व्हिस्पर या वाणी ओळखणाऱ्या प्रारूपाच्या ‘स्मॉल’ आवृत्तीत २४.४ कोटी वजनांक आहेत. त्यांना या हिशेबाने सुमारे ३.९ जीबी लागतात. ‘मीडियम’ आवृत्तीत ७६.९ कोटी वजनांक आहेत आणि त्यांना सुमारे १२.३ जीबी लागतात. प्रत्यक्ष ध्वनी प्रारूपातून जाताना मधल्या थरांत जे आकडे साठतात, त्यांची जागा यात धरलेलीच नाही आणि तीही काही जीबी होते. आमच्या भागातील बोली ‘स्मॉल’ला नीट पेलत नव्हती, कारण ‘कामून’, ‘करायलाव’ असे शब्द आले की ते भलतेच काही लिहून मोकळे होई. त्यामुळे ‘मीडियम’वर काम करणे आम्हाला भाग होते. म्हणजे ८ जीबीचे कार्ड सोडाच, १२ जीबीचे कार्डही या एका कामासाठी बाद ठरत होते, आणि १६ जीबीच्या कार्डावर एका वेळी अगदी थोडे नमुने देत कसेबसे निभावले असते.

लोरासारख्या पद्धतींनी, म्हणजे मूळ वजनांक गोठवून त्यांना लहान जोडण्या लावून प्रशिक्षण देण्याच्या पद्धतीने, ही गरज पुष्कळ कमी होते हे खरे आहे, आणि आम्हीही भाषेच्या मोठ्या प्रारूपांसाठी तीच वापरतो. तिच्याखेरीज इलाजही नाही, कारण ७०० कोटी वजनांकांचे प्रारूप पूर्णपणे प्रशिक्षित करायचे तर वरच्याच हिशेबाने ११२ जीबी लागतात आणि तेवढी मेमरी कोणत्याही घरगुती कार्डावर नाही. मात्र मेमरी कमी पडली म्हणून केलेली काटकसर आणि पद्धत योग्य आहे म्हणून केलेली निवड यांत फरक असतो. हाताशी मेमरी असली की दोन्ही पद्धती करून पाहता येतात आणि निर्णय निकालावर घेता येतो.

कार्डांपैकी शेवटी आमच्यासमोर दोन उरली. एक एनव्हिडियाचे नवीन आरटीएक्स ४०६० टीआय, १६ जीबीचे, जे जुलै २०२३ मध्ये बाजारात आले होते. आणि दुसरे त्याच कंपनीचे वापरलेले आरटीएक्स ३०९०, २४ जीबीचे, मूळ सप्टेंबर २०२० मधील. आरटीएक्स ४०९० चेही २४ जीबीच होते आणि ते वेगाने कितीतरी पुढे होते, पण एकट्या कार्डाची किंमत आमच्या संपूर्ण यंत्राच्या जवळपास जात होती. ४०६० टीआय केवळ १६५ वॅट घेते, नवीन असल्याने वॉरंटीसह मिळते आणि उन्हाळ्यात थंड राहते, म्हणून मन त्याच्याकडे झुकत होते. मग मेमरीच्या वाहतुकीचा वेग पाहिला. ४०६० टीआयची मेमरी १२८ बिटांच्या वाटेने सेकंदाला २८८ जीबी हलवते, तर ३०९० ची ३८४ बिटांच्या वाटेने ९३६ जीबी, म्हणजे सव्वातीन पट. भाषेचे प्रारूप उत्तर लिहिते तेव्हा प्रत्येक शब्दखंडासाठी (टोकनसाठी) त्याला आपले जवळपास सगळे वजनांक एकदा वाचावे लागतात. प्रारूप ४ बिटांत आवळून ४ जीबीचे केले, तर पहिल्या कार्डावर सेकंदाला ७२ शब्दखंडांच्या वर जाणे तत्त्वतःच शक्य नाही, आणि दुसऱ्यावर हीच मर्यादा २३४ आहे. प्रत्यक्षात दोन्ही कार्डे याच्या खालीच राहतात, पण प्रमाण तेच राहते.

एएमडीच्या कार्डांत त्याच पैशात मेमरी अधिक मिळते आणि कार्डावर अशी कामे चालवणारी त्यांची रॉकएम ही प्रणालीही सुधारत आहे. तरीही दोन माणसांच्या कार्यालयात आठवडाभर ड्रायव्हर आणि लायब्ररींच्या आवृत्त्या जुळवत बसणे परवडत नाही, आणि आमच्या वापरातील सर्व साधने एनव्हिडियाच्या कूडा या प्रणालीवर काही न करता चालतात, म्हणून त्या वाटेला आम्ही गेलो नाही.

नांदेडहून मोठी संगणक-बाजारपेठ म्हटली की अनेकांच्या तोंडी पुणे येते, पण आम्हाला सिकंदराबाद जवळ पडते. रेल्वेने पहाटे उतरायचे, पार्कलेनजवळच्या चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये, ज्याला तिकडे सगळे सीटीसी म्हणतात, दिवसभर दुकाने पाहायची आणि रात्री परतीची गाडी धरायची, असा आमचा क्रम होता. ३०९० आम्ही हैदराबादच्या एका ॲनिमेशन स्टुडिओने बदललेल्या यंत्रांतून ६६,००० रुपयांना घेतले. वापरलेले कार्ड घेताना विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नये. आम्ही पैसे देण्याआधी ते एका यंत्रात बसवून तासभर पूर्ण भाराने चालवले आणि मेमरीचे तापमान विंडोजवरील एचडब्ल्यूइन्फो या साधनात पाहिले, कारण लिनक्सवरील एनव्हिडिया-एसएमआय हे नेहमीचे साधन या कार्डाच्या गाभ्याचे तापमान दाखवते, मेमरीचे दाखवत नाही. बोर्डावर गंज आहे का, स्क्रू आधी उघडल्याच्या खुणा आहेत का, पंखे सरळ फिरतात का, एवढेही डोळ्यांनी पाहून घ्यावे.

मेमरीच्या तापमानावर एवढा भर देण्यास कारण आहे. ३०९० वर १ जीबीच्या २४ चिप असून त्यांतील १२ बोर्डाच्या मागच्या बाजूला आहेत, जेथे पंख्याची हवा पोहोचत नाही. ही मेमरी ११० अंशांना पोहोचली की कार्ड स्वतःहून वेग कमी करते. सिकंदराबादच्या वातानुकूलित दुकानात ९४ अंश दाखवणारे हेच कार्ड एप्रिलमध्ये आमच्या ३८ अंशांच्या खोलीत १०६ वर गेले. यात कार्डाचा दोष नव्हता. शीतकाचे काम आसपासच्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनी वर राहणे एवढेच असते, त्यामुळे खोली बारा अंशांनी तापली की आतील सगळे भाग तितकेच तापतात, ही गोष्ट थंड प्रदेशातील चाचण्या वाचून भाग निवडणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. आम्ही मागच्या बाजूचे उष्णतावाहक पॅड बदलले, मागील पत्र्यावर एक लहान पंखा बसवला आणि कार्डाची कमाल वीज ३५० वॅटवरून २७० वॅटवर आणली. ही मर्यादा एका आज्ञेने घालता येते. प्रशिक्षणाचा वेळ त्यामुळे एक दशांशाहूनही कमी वाढला, आणि मेमरी मे महिन्यातही ९२ अंशांच्या आसपास राहू लागली. हे कार्ड घेणाऱ्या प्रत्येकाने ही मर्यादा पहिल्याच दिवशी घालावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

प्रोसेसर म्हणून आम्ही एएमडीचा रायझन ९ ७९०० घेतला. बारा कोर, चोवीस थ्रेड आणि ६५ वॅटचा दर्जा. त्याचाच थोरला भाऊ ७९००एक्स हा १७० वॅटचा आहे आणि त्याचा कमाल वेग ५.६ गिगाहर्ट्झ आहे, तर आमच्याचा ५.४. एवढ्याशा फरकासाठी उन्हाळ्यात खोलीत आणखी शंभर वॅटची शेगडी पेटवणे आम्हाला पटले नाही. शिवाय ७९०० सोबत रेथ प्रिझम हा कूलर खोक्यातच मिळतो. त्याने पहिला उन्हाळा निभावला, पण भर दुपारी त्याचा आवाज फार होई, म्हणून दुसऱ्या उन्हाळ्याआधी आम्ही एक साधा टॉवर कूलर बसवला. पाण्याच्या कूलरची गरज आम्हाला कधीच भासली नाही.

पहिल्या महिन्यात छायाचित्रांचे प्रशिक्षण चालू असताना ग्राफिक्स कार्ड अर्धा वेळ रिकामे बसत होते आणि बाराही कोर भरून वाहत होते. तेव्हा क्षणभर वाटले होते की कोटेशनमधला महागडा प्रोसेसरच बरोबर होता. पण शोध घेतल्यावर दिसले की शेतातून आलेले प्रत्येक छायाचित्र १२ मेगापिक्सेलचे, चार-पाच एमबीचे होते, आणि आमच्या प्रारूपाला त्यातून फक्त २२४ बाय २२४ ठिपके हवे होते. प्रत्येक फेरीत तेच प्रचंड छायाचित्र उघडून लहान करण्यात प्रोसेसर झिजत होता. माझ्या सहकाऱ्याने एका संध्याकाळी सगळी छायाचित्रे एकदाच ५१२ ठिपक्यांपर्यंत लहान करून वेगळी साठवली, आणि दुसऱ्या दिवसापासून कार्ड सतत कामात राहू लागले. वीस हजार रुपयांचा प्रश्न प्रोग्रॅमच्या चाळीस ओळींत सुटला. प्रोसेसर कमी पडतो असे वाटणाऱ्याने नवा घेण्याआधी आपली माहिती त्याच्यापर्यंत कोणत्या रूपात पोहोचते ते तपासून पाहावे.

रॅमच्या बाबतीत आमची एक फसगत झाली. आम्ही ३२ जीबीच्या दोन पट्ट्या मागितल्या होत्या. कार्ड वगळता बाकीची जुळणी ज्या दुकानाने केली, त्याने साठ्यात नव्हत्या म्हणून न विचारता १६ जीबीच्या चार पट्ट्या बसवल्या. एकूण ६४ जीबीच झाले, त्यामुळे बिलावर फरक दिसत नव्हता. पण आमचा प्रोसेसर ज्यावर बसतो त्या एएम५ या पायावर डीडीआर५ प्रकारच्या रॅमच्या दोन पट्ट्यांसाठी एएमडीने अधिकृतपणे ५२०० चा वेग दिला आहे आणि चारही जागा भरल्या की तो ३६०० पर्यंत उतरतो. त्यावर वेग ओढून पाहिला की यंत्र मधूनच बंद पडे. शिवाय पुढे १२८ जीबी करण्याची वाटही चारही जागा भरल्याने बंद होत होती. तीन फेऱ्या आणि बराच वाद झाल्यावर पट्ट्या बदलून मिळाल्या. यंत्र ताब्यात घेताना कॅबिनेट उघडून प्रत्येक भाग बिलाशी ताडून पाहावा, आणि रॅम तपासणारा मेमटेस्ट एक रात्रभर चालवावा. पहिल्यांदा सुरू करताना एएम५चे यंत्र रॅम ओळखण्यात काही मिनिटे काळा पडदा दाखवते, त्याने घाबरून वीज बंद करू नये.

मदरबोर्ड बी६५० चिपसेटचा आहे आणि त्याबद्दल तक्रार नाही. मात्र पुढे दुसरे कार्ड बसवण्याचा विचार असणाऱ्याने खरेदीआधीच बोर्डाची माहितीपुस्तिका वाचावी. दुसरी लांब खाच दिसायला पहिलीसारखीच असते, पण अशा अनेक बोर्डांवर तिला माहिती वाहून नेणाऱ्या चारच, क्वचित एकच मार्गिका जोडलेली असते. शिवाय ३०९० तीन खाचांची जाडी व्यापते, त्यामुळे दोन कार्डांमध्ये हवा जायला जागाच उरत नाही. साठवणीसाठी २ टीबीची चौथ्या पिढीची एनव्हीएमई डिस्क घेतली. टीएलसी प्रकारची (एका पेशीत तीन बिट साठवणारी) आणि स्वतःची डीरॅम, म्हणजे छोटी जलद मेमरी, असलेली घ्यावी, एवढेच पाहिले तरी पुरते.

आता विजेबद्दल, ज्यावर मी सर्वांत अधिक लिहिणार आहे, कारण महानगरांतील परीक्षणांत हा विषय नसतोच. आमच्या भागात रब्बीच्या हंगामात रात्री शेतीपंप सुरू झाले की दाब १८५ व्होल्टपर्यंत उतरतो आणि पंप बंद होताच २५० च्या पुढे उसळतो. चांगला एसएमपीएस, म्हणजे संगणकातील भागांना वीज पुरवणारा डबा, कमी दाब सहन करतो, कारण त्याचा पल्ला १०० ते २४० व्होल्टचा असतो. खरा शत्रू आहे तो अर्ध्या सेकंदाचा खंड. एसएमपीएसमधील साठा वीज गेल्यावर यंत्राला साधारण १६-१७ मिलिसेकंद तारून नेतो. घरोघरी असणारा इन्व्हर्टर बदलायला त्याच्या जवळपास किंवा अधिक वेळ घेऊ शकतो, त्यामुळे पंखा थांबत नाही पण प्रशिक्षण कोसळते. आमच्या पहिल्या महिन्यातील अनेक रात्री अशाच गेल्या.

एसएमपीएस आम्ही ८५० वॅटचा, ८० प्लस गोल्ड दर्जाचा घेतला. यंत्राचा नेहमीचा भार त्याच्या निम्म्याच्या आसपास राहतो, पण ३०९० हे कार्ड क्षणार्धासाठी आपल्या दर्जापेक्षा कितीतरी जास्त वीज ओढते आणि लहान एसएमपीएस अशा वेळी संरक्षण म्हणून यंत्रच बंद करतो. कार्डाकडे जाणाऱ्या वायरी स्वतंत्र असाव्यात. एकाच वायरीची दोन टोके दोन्ही जोडण्यांत खुपसू नयेत, कारण आठ पिनांच्या प्रत्येक जोडणीचा दर्जा १५० वॅटचा आहे.

यूपीएस २ केव्हीएचा ऑनलाइन प्रकारचा आहे, २७,००० रुपयांचा. ऑनलाइन यूपीएसमध्ये यंत्राला नेहमीच इन्व्हर्टरच्या मार्गाने वीज मिळते, त्यामुळे बदलण्याचा क्षणच येत नाही आणि बाहेरच्या दाबाची उलथापालथ आत पोहोचत नाही. बदल्यात तो काही वीज उष्णतेच्या रूपाने खातो आणि त्याचा पंखा सतत गुणगुणतो. आम्ही तो शेजारच्या खोलीत, उत्तरेच्या भिंतीला ठेवला आहे. लेड-ॲसिड बॅटरी २५ अंशांसाठी बनवलेली असते, आणि त्यापुढे दर दहा अंशांमागे तिचे आयुष्य साधारण निम्मे होते. आमच्या सहाही बॅटऱ्या दुसऱ्या उन्हाळ्याअखेर बदलाव्या लागल्या. नव्या असताना त्या वीस मिनिटे पुरत. नेटवर्क यूपीएस टूल्स ही मोफत आज्ञावली यूएसबीवरून यूपीएसची स्थिती वाचते. वीज जाऊन पाच मिनिटे झाली की ती प्रशिक्षणाची अवस्था डिस्कवर उतरवून घेते आणि यंत्र नीट बंद करते. वीज आल्यावर काम तिथूनच पुढे सुरू होते. ही सोय झाल्यापासून एकही रात्र वाया गेलेली नाही.

आणि अर्थिंग. पहिल्या एप्रिलमध्ये कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येऊ लागल्या आणि यूएसबीवरील डिस्क अधूनमधून आपोआप तुटू लागली. आम्ही आधी डिस्क बदलली, मग वायर बदलली. शेवटी आमच्या इलेक्ट्रिशियनने मल्टिमीटर लावून न्यूट्रल आणि अर्थिंगमधील फरक मोजला. तो ११ व्होल्ट भरला. “सर, यंत्राला काही झालं नाही, खड्डा कोरडा पडलाय,” असे ते म्हणाले. आपली काळी माती उन्हात आकसते आणि तिला हातभर भेगा पडतात. त्या भेगांमुळे अर्थिंगच्या सळईचा मातीशी असलेला संबंधच सुटतो. एसएमपीएसच्या आत गोंगाट गाळण्यासाठी जी कपॅसिटर असतात, ती थोडीशी वीज कायम पत्र्याकडे सोडत असतात, आणि तिला जमिनीत जायला वाट नसली की पत्रा पुरवठ्याच्या निम्म्या दाबापर्यंत तरंगत राहतो. विद्युतप्रवाह अगदी लहान असतो, म्हणून माणसाला इजा होत नाही, पण नाजूक जोडण्यांना तो पुरेसा त्रास देतो. नवा खड्डा, तांब्याची पट्टी, कोळसा आणि मीठ यांना मजुरीसह ८,००० रुपये लागले आणि फरक २ व्होल्टच्या खाली आला. मार्चपासून पाऊस पडेपर्यंत आम्ही दर आठवड्याला त्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओततो. ज्यांच्याकडे उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यालाही टँकर येतो त्यांना हे सांगताना मला अवघड वाटते, परंतु भांडी धुतलेले पाणीही या कामाला चालते.

कॅबिनेट समोर जाळी असलेले हवे, काच असलेले नव्हे. पुढून दोन पंखे हवा आत घेतात, मागून एक बाहेर टाकतो, त्यामुळे आत हवेचा दाब थोडा अधिक राहतो आणि धूळ फटींतून शिरत नाही. तरीही जाळीवरचा गाळणीचा पडदा दर पंधरा दिवसांनी झटकावा लागतो, आणि सोयाबीनची मळणी सुरू असताना दर आठवड्याला. वाळ्याच्या कूलरसमोर यंत्र ठेवण्याचा मोह मात्र टाळावा. खोली गार होते, पण कूलरची दमट हवा थेट यंत्रात शिरते, ओलसर धूळ शीतकाच्या पात्यांवर लेपासारखी बसते आणि नंतर ती ब्लोअरनेही निघत नाही. कूलर खोलीच्या एका टोकाला, यंत्र दुसऱ्या टोकाला आणि मधली खिडकी उघडी, असे आम्ही ठरवून टाकले आहे.

खर्चाचा एकूण मेळ असा होता: कार्ड ६६,०००, प्रोसेसर ३६,५००, बोर्ड १९,०००, रॅम १९,५००, एनव्हीएमई १४,५००, एसएमपीएस ११,०००, कॅबिनेट ७,५००, यूपीएस २७,००० आणि अर्थिंग ८,०००, बेरीज २ लाख ९ हजार. यातला पाचव्या हिश्श्याहून अधिक खर्च निव्वळ विजेच्या व्यवस्थेवर झाला आहे, आणि तो मी पुन्हा तसाच करीन. जुळणी करणाऱ्या दुकानाबद्दल सांगायचे, तर वायरींची बांधणी उत्तम होती आणि रॅमचा तो प्रकार सोडला तर वागणूकही सौजन्याची होती. भागाच्या वॉरंटीसाठी मात्र त्यांच्याकडे दुरुस्तीची सोय नाही. माल कुरियरने मोठ्या शहरात जातो आणि परत यायला तीन-चार आठवडे लागतात. म्हणून प्रत्येक भागाचे खोके जपून ठेवावे आणि बिलावर अनुक्रमांक लिहून घ्यावा.

आज नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी हेच कार्ड डोळे मिटून सुचवणार नाही. एप्रिल २०२५ मध्ये आलेले १६ जीबीचे आरटीएक्स ५०६० टीआय सेकंदाला ४४८ जीबी हलवते, १८० वॅट घेते आणि वॉरंटीसह येते. ज्याचे काम मुख्यतः छायाचित्रांचे आहे, किंवा ज्याच्या घरी दुपारी खोली चाळीस अंशांवर जाते, त्याने तेच घ्यावे. पॅड बदलण्याची, पंखा लावण्याची आणि जुन्या कार्डाची जोखीम उचलण्याची तयारी असेल आणि काम वाणीचे किंवा भाषेचे असेल, तर २४ जीबीला आजही तोड नाही. परभणीच्या एका तरुण मित्राने गेल्या महिन्यात यांतले पहिले कार्ड घेतले. कार्ड हातात येण्याआधी त्याने घरच्या अर्थिंगचे माप घेतले आणि मला फोन करून आकडा सांगितला: ९ व्होल्ट. खड्ड्याचे काम या आठवड्यात सुरू झाले आहे.